मनोरमाबाईंचं पद्मासन

बरखेडा ही हिंदी मुलखातली कारखान्याची टाउनशिप. तिथल्या कम्युनिटी हॉलमध्ये मनोरमा साठे यांनी बायकांचा योगवर्ग सुरू केला, तेव्हा त्यांना स्वतःला धड मांडी घालून बसता येत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. नवीन बाई वर्गाला आली की त्या उलट अभिमानानं सांगायच्या, "मी सुरुवात केली तेव्हा माझे गुडघे छताकडे बघायचे. आता बघा." आणि खरोखरच ते आता जमिनीच्या बऱ्यापैकी जवळ आले होते. त्यामागे कित्येक वर्षांच्या सकाळी होत्या. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत उठायचं, नवऱ्याचा, जयंतरावांचा, नाश्ता करून ठेवायचा आणि शाल गुंडाळून हॉलची किल्ली घेऊन निघायचं, असा त्यांचा क्रम होता.

एक गोष्ट मात्र त्यांना कधीच जमली नाही. एक पाय मांडीवर यायचा, पण दुसरा उचलला की पहिला सुटायचा. पूर्ण पद्मासन त्यांनी आयुष्यात घातलेलं नव्हतं. "पद्मासन सगळ्यात शेवटी," असं त्या वर्गात सांगायच्या, "घाई करायची नाही." बायका मान डोलवायच्या. आपल्या बाईंनाही ते येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी कुणी बोललं नव्हतं.

दसऱ्यानंतर सुनंदा बोकारे वर्गाला आल्या. त्यांचे यजमान दुसऱ्या युनिटमधून बदलून अकाउंट्समध्ये आले होते. बाई मूळच्या नागपूरच्या, पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या आणि सदा हसतमुख. पहिल्या दिवशी उशिरा आल्या आणि मागच्या ओळीत सतरंजी टाकून बसल्या. बाकीच्या बायका पाय लांब करून पंजे ओढत होत्या. मनोरमाबाई ओळींतून फिरत मागे पोचल्या आणि थबकल्या. सुनंदाबाई पूर्ण पद्मासनात बसल्या होत्या. हात मांडीवर मोकळे, पाठ सरळ, चेहरा असा की जणू भाजी निवडायला बसल्या आहेत.

"अरे वा!" शेजारच्या शुक्लाभाभी ओरडल्या. "ये देखो सब लोग!"

सगळा वर्ग वळून पाहायला लागला.

"किती वर्षं करताय?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"काय?"

"योगासनं."

"मी? कुठली हो! मी तर लहानपणापासून अशीच बसते. टीव्ही पाहताना पण. आमची आई ओरडायची, नीट बस म्हणून." सुनंदाबाई हसल्या आणि पाय सोडवून दुसऱ्या बाजूनं पुन्हा घातले. हातसुद्धा लावावा लागला नाही.

मनोरमाबाई "छान, छान" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पण त्या सकाळी श्वासांची मोजणी त्यांची दोनदा चुकली.

पुढे ते रोजचंच झालं. वाकायचं आसन असलं की सुनंदाबाईंचं कपाळ गुडघ्यांवर जाऊन टेकायचं. वर्ग संपल्यावर चहा पिताना बायका त्यांना अंगठा दाखवायला सांगायच्या. त्या अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवायच्या आणि सगळ्या हसत सुटायच्या. मनोरमाबाईही हसायच्या. मग घरी जाऊन मोरीत हातपाय धुताना आपला अंगठा वळवून बघायच्या. तो जिथे थांबायचा तिथेच थांबायचा.

त्यांना सगळ्यात काय खुपत होतं, ते त्या कुणाला सांगू शकल्या नसत्या. बाई उद्धट असती, दिमाख दाखवणारी असती, तर बरं झालं असतं. पण सुनंदाबाई कौतुकाला हात झटकायच्या. "यात काय आहे?" म्हणायच्या. आणि नेमकं हेच वाक्य मनोरमाबाईंच्या कानात दिवसभर राहायचं. यात काय आहे! ज्याच्यासाठी आपण एवढी वर्षं झिजलो, त्यात हिच्या लेखी काहीच नाही.

जानेवारीत टाउनशिपचा वार्षिक समारंभ असायचा. त्या वर्षी लेडीज क्लबनं योगासनांचं प्रात्यक्षिक ठेवायचं ठरवलं. क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी मनोरमाबाईंना बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "आप माइक पर समझाइए, आप कितना अच्छा बोलती हैं. आसन सुनंदाजी दिखा देंगी."

"हाँ हाँ, बहुत अच्छा," मनोरमाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी जयंतरावांना ते सांगितलं. जयंतराव टर्बाइनच्या विभागात इंजिनिअर होते. माणूस सरळ, पण कुठे गप्प बसावं ते न कळणारा.

"बरोबरच आहे की," ते म्हणाले. "तिला येतं ना ते."

"आणि मला?"

"तू शिकवतेस छान."

 मनोरमाबाईंनी ताटं घेतली.

दुसऱ्या दिवसापासून जयंतराव दुपारचं जेवून पुन्हा कारखान्यात गेले की त्या आतल्या खोलीचं दार लोटून सतरंजीवर बसायला लागल्या. गुडघ्यांना कोमट तेल चोळायचं, एक पाय मांडीवर घ्यायचा, दुसरा दोन्ही हातांनी ओढायचा. समारंभात माइकवर बोलता बोलता आपण सहज खाली बसायचं आणि दोन्ही पाय घालून दाखवायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सुनंदाबाईंच्या शेजारीच बसायचं. त्या क्षणाचं चित्र त्यांनी इतक्यांदा रंगवलं होतं की त्यात शुक्लाभाभींनी कोणती साडी नेसली आहे तेही त्यांना दिसत होतं.

समारंभ चार दिवसांवर आला असताना दुसरा पाय एकदाचा मांडीवर चढला. मनोरमाबाईंना खरं वाटेना. पण तो गुडघा हवेतच राहिला होता, जमिनीपासून चांगला वितीभर वर. सुनंदाचा टेकतो. त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यावर ठेवले आणि सगळा भार टाकून तो खाली दाबला.

ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला.

आधी दुखलंच नाही. मग असं दुखलं की त्यांना श्वास घेता येईना. पाय सोडवायला गेलं तर तो सुटेना. वरच्या मजल्यावर निर्मला कुलकर्णी राहायची, त्यांची सगळ्यात जुनी आणि लाडकी विद्यार्थिनी. मनोरमाबाईंनी तिला हाका मारल्या. निर्मला धावत खाली आली, तिनं त्यांचा पाय दोन्ही हातांत धरून हळूहळू सरळ केला आणि घाबरून विचारलं, "ताई, काय करत होता तुम्ही?"

"घसरले," मनोरमाबाई म्हणाल्या.

सतरंजी, तेलाची वाटी, सगळं समोरच होतं. निर्मलानं वाटी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली.

गुडघ्याच्या आतली गादी फाटली होती. डॉक्टरांनी पट्टी बांधली, सूज उतरेपर्यंत पाय टेकायला मनाई केली. समारंभाला जयंतराव एकटे गेले. ते परत आले तेव्हा मनोरमाबाई दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या.

"कसं झालं?"

"बरं झालं."

"बरं म्हणजे?"

"लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"खूप?"

"अगं, टाळ्या काय मोजत बसतात का?" जयंतराव बूट काढत म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "ती शेवटी पाय घालून, हातांवर पूर्ण उचलली गेली. पाळण्यासारखी. काय बाई आहे!"

मनोरमाबाईंनी पांघरूण ओढून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात सुनंदाबाई सांबारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबीरवडी, घेऊन भेटायला आल्या. "कसं वाटून राहिलं आता?" म्हणत पलंगाच्या कडेला बसल्या. एक पाय आपोआप दुमडून वर घेतला. त्यांना ते कळलंही नसेल. मनोरमाबाईंना मात्र त्या पायाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

"वर्गाचं काय करायचं म्हणता?" सुनंदाबाईंनी विचारलं. "बाया मला म्हणून राहिल्या, तुम्ही घ्या म्हणून. मी म्हटलं, ताईंना विचारल्याशिवाय नाही."

नाही कसं म्हणणार? मनोरमाबाईंनी उशाखालून हॉलची किल्ली काढून दिली. सांबारवडी जयंतरावांनी आवडीनं खाल्ली. मनोरमाबाईंनीही खाल्ली. ती उत्तम झाली होती, याचाही त्यांना राग आला.

सूज उतरल्यावर त्या दवाखान्यात व्यायामासाठी जायला लागल्या. तिथे श्रीकांत पाध्ये म्हणून फिजिओथेरपिस्ट होते. चाळिशीचा माणूस, कमी बोलणारा, बोलला की स्पष्ट. खोलीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा टांगलेला होता. पहिल्या दिवशी त्यांनी मनोरमाबाईंना खरं काय झालं ते विचारलं, आणि का कोण जाणे, बाईंनी ते खरं सांगितलं.

श्रीकांतनं त्यांना टेबलावर उताणं झोपवलं. चांगल्या पायाचा गुडघा वाकवून मांडी हळूहळू बाहेर वळवली. एका ठिकाणी पाय थांबला.

"ओढ बसतेय का? स्नायू ताणल्यासारखं?"

"नाही. नुसतं अडलंय."

"बरोबर. कारण हा स्नायू नाही. हाड हाडाला लागलंय." त्यांनी पाय खाली ठेवला आणि सांगाड्याजवळ गेले. "इकडे बघा, काकू. खुब्याचा सांधा म्हणजे उखळीत बसलेला गोळा. म्हणून पाय पुढे जातो, मागे जातो, बाजूला जातो, गोल फिरतो. खांदाही तसाच, पण त्याची उखळी उथळ, बशीसारखी. म्हणून हात जास्त फिरतो आणि खांदा जास्त निखळतो. आता गुडघा बघा. ही बिजागरी. दाराला असते तशी. वाकायचं आणि सरळ व्हायचं. वाकलेला असताना थोडासा वळतो, पण थोडासाच."

"मग पद्मासन?"

"पद्मासन खुब्यात होतं. गुडघ्यात नाही. खुबा पुरेसा वळला की पाय आपोआप मांडीवर जातो. खुबा वळला नाही आणि तुम्ही पाय ओढलात, तर ते वळणं गुडघ्याला करावं लागतं. बिजागरीला पिळलं तर काय होणार? तुमची गादी दोन हाडांत चिरडली."

"म्हणजे मी अजून खुब्याचा सराव करायला हवा होता."

श्रीकांतनं मान हलवली. "स्नायूंचा सराव होतो. हाडांचा होत नाही. प्रत्येकाची उखळी वेगळी असते. कुणाची खोल, कुणाची उथळ, कुणाची पुढे तोंड करून, कुणाची बाजूला. तुमची खोल आहे. चांगली घट्ट आहे, तशी वाईट नाही. पण तुम्हाला पूर्ण पद्मासन कधीच येणार नव्हतं."

"आणि ज्यांना येतं त्यांना?"

"त्यांना जन्मतःच येतं बहुतेक. त्यात त्यांचं काही कर्तृत्व नाही."

कुणाला वाटेल, हे ऐकून मनोरमाबाईंना हलकं वाटलं असेल. तसं झालं नाही. रिक्षात बसून घरी येताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. सुनंदानं जास्त मेहनत केली असती तर तिचं मोठेपण मानता आलं असतं. तिनं काहीच केलं नव्हतं. तिला ते मिळालं होतं, जसे कुणाला घारे डोळे मिळतात. आणि आपण एवढ्या वर्षांच्या सकाळी एका बंद दाराला ढकलत घालवल्या. त्या दिवसापासून त्यांची जळफळ कमी न होता वाढली. पहाटे हॉलकडे जाणाऱ्या बायकांच्या चपलांचा आवाज आला की त्या कूस बदलायच्या.

फेब्रुवारी संपताना एका दुपारी निर्मला खाली आली. बसताना तिनं गुडघ्यावर हात ठेवला.

"ताई, माझा गुडघा आतून दुखतोय. वर्गात आम्ही पद्मासन करतोय ना सध्या. सुनंदाताई म्हणतात, सोपं आहे, थोडं दाबलं की जाईल. काल त्यांनी मागून दाबला. दुखणं साहजिक असेल ना? सवय नाही म्हणून?"

मनोरमाबाईंना उत्तर माहीत होतं. तोंडात आलेलं होतं. पण त्याच वेळी आतून दुसरं काहीतरी उसळून वर आलं, गरम आणि गोड. असंच चालू दे. आज हिचा गुडघा दुखतोय, उद्या शुक्लाभाभींचा दुखेल. मग कळेल सगळ्यांना, शिकवणं म्हणजे काय असतं.

"होईल सवय," त्या म्हणाल्या.

निर्मला विश्वासानं हसली आणि गेली. जिना चढताना तिची पावलं ऐकू येत होती. एक पाय टाकायचा, दुसरा ओढून त्याच पायरीवर घ्यायचा. मनोरमाबाई दवाखान्याच्या पायऱ्या अगदी तशाच चढत होत्या. त्यांनी रेडिओ लावला.

पुढे दोन-तीन दिवस त्यांनी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. आपण डॉक्टर आहोत का? कुणी विचारलं तर सांगावं, उगाच नाक खुपसू नये. पण विचारलं तर होतंच. निर्मलानंच विचारलं होतं. तिनं आपला अडकलेला पाय हातात धरून सोडवला होता, आणि घसरले म्हटल्यावर पुढे एक शब्द काढला नव्हता. शनिवारी निर्मला दिसली ती बाजारातून येताना, पिशवी एका हातात आणि दुसरा हात कुंपणाच्या भिंतीवर टेकवत. मनोरमाबाईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि रविवारी सकाळी काठी घेऊन त्या हॉलवर गेल्या.

वर्ग भरलेला होता. सुनंदाबाई शुक्लाभाभींच्या मागे उभ्या राहून त्यांचा गुडघा खाली दाबत होत्या. "ढीला छोडो, ढीला! यात काय आहे?"

"सोडा तो," मनोरमाबाई दारातूनच म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

सगळ्या दचकल्या. कुणीतरी खुर्ची आणली. मनोरमाबाई बसल्या आणि त्यांनी श्रीकांतकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. एका हाताची मूठ करून दुसऱ्या हाताच्या ओंजळीत फिरवून दाखवली. हा खुबा. मग हॉलचं दार उघडून-मिटून दाखवायला लावलं. हा गुडघा. याला पिळायचं नसतं. "माझा असाच गेला," त्या म्हणाल्या. "घसरून नाही. मी दाबला. मला सुनंदाताईंसारखं बसायचं होतं."

 सुनंदाबाईंचा हसरा चेहरा उतरला होता. "मला काय माहीत?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्यांना येते. बाया आळस करून राहिल्या असं वाटलं मला."

"तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला कधी अडलंच नाही." हे समजुतीचं वाक्य होतं, पण मनोरमाबाईंच्या तोंडून ते जरा तिखट निघालं.

मग निर्मला उभी राहिली. "ताई, मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. कुणी तारीख विचारणार नव्हतं.

"हो," मनोरमाबाई म्हणाल्या.

निर्मलानं आपली सतरंजी गुंडाळली. ती रागावून काही बोलली असती तर सोपं गेलं असतं. ती नुसती मान खाली घालून निघून गेली. नंतर तिचा गुडघा बरा झाला, फार बिघडला नव्हता. श्रीकांतकडे ती आपली आपणच गेली. जिन्यात भेटली की "बरं आहे ना?" विचारायची. पण वर्गाला ती पुन्हा आली नाही, आणि दुपारची खाली यायची तीही बंद झाली.

त्याच दिवशी संध्याकाळी सुनंदाबाई किल्ली परत द्यायला आल्या. या वेळी त्या खुर्चीवर बसल्या, पाय जमिनीवर ठेवून.

"मी नाही येत आता," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे लोकांना दुखलं."

मनोरमाबाईंनी किल्ली घेतली. हेच तर हवं होतं त्यांना. वर्ग पुन्हा आपला. क्षणभर त्यांनी ते सुख हातात धरून पाहिलं. मग समोर बसलेल्या बाईकडे बघितलं. सुनंदाबाई डाव्या हातानं उजवा खांदा चोळत होत्या.

"काय झालं खांद्याला?"

"हे? हा निघतो मधेमधे. दोरीवर चादर टाकताना निघाला परवा. लहानपणापासून आहे. मीच बसवते." त्या ओशाळून हसल्या. "नवी शहरं, नवे लोक. बदल्याच बदल्या. कुठं गेलं की बाया म्हणतात, पाय घालून दाखवा. तेवढ्यानं ओळख होते. दुसरं काय येते मला?"

 मनोरमाबाईंना दया आली असं नाही म्हणता येणार. पण त्यांना शिकवायची सवय होती, आणि निखळणारा खांदा समोर असताना गप्प बसणं त्यांना जमेना. "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ताणायची गरज नाही. तुम्हाला घट्ट करायची गरज आहे. आणि वर्गाला या. शिकायला या."

सुनंदाबाई आल्या. मनोरमाबाई खुर्चीवर बसून वर्ग घ्यायला लागल्या. आसनाआधी कुठला सांधा हलणार ते सांगायच्या. मान जात्यासारखी खुंट्यावर फिरते, ती सावकाश फिरवा, मनगटातली छोटी हाडं एकमेकांवरून सरकतात, त्यांच्यावर एकदम भार नको. बायकांना ते आवडलं. श्रीकांत एकदा येऊन गेले. आणि पहिल्याच आठवड्यात मनोरमाबाईंनी जाहीर केलं की या वर्गात पद्मासन होणार नाही. कुणीही घालायचं नाही. ज्यांना येतं त्यांनीसुद्धा नाही.

"ज्यांना येतं त्यांनी घातलं तर काय बिघडतं?" घरी जयंतरावांनी विचारलं.

"बाकीच्या बघून करायला जातात."

"हं, तेही खरं."

ते खरंच होतं. पण ते पूर्ण खरं आहे का, हे मनोरमाबाईंना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी त्या हॉलवर पोचल्या तर दार उघडं होतं. आदल्या दिवशी किल्ली मागून नेलेल्या सुनंदाबाई लवकर येऊन सतरंज्या घालून बसल्या होत्या. हॉलमध्ये त्या एकट्याच होत्या. डोळे मिटलेले, आणि दोन्ही पाय मांड्यांवर, सैल आणि सहज. खिडकीतून नुकतं ऊन येत होतं. मनोरमाबाई दारात थांबल्या. छातीत तेच जुनं काहीतरी चावलं, तितकंच. त्यांनी नियमाची आठवण करून द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं.

त्या काठीचा आवाज न करता मागे वळल्या आणि बायका यायला लागेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिल्या.